आधी झटका, मग नारळ

चिंचपोकळीच्या पुलाच्या चढावर ट्रेलर नाक टेकून बसला होता. त्याला ओढणारी लॉरी चार हात पुढे, मोकळीच. कापसाच्या गाठी रस्ताभर आणि समोरून मोर्चा. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ करत आलेली माणसं गाठींपाशी अडली. एकाने सगळा प्रकार नीट पाहून घेतला आणि ओरडला, “अरे, आम्ही अख्खी मुंबई महाराष्ट्राला जोडायला निघालोय, आणि तुम्हाला एक ट्रेलर लॉरीला जोडता येत नाही?” मोर्चा खो खो हसला. मग त्याच लोकांनी गाठी बाजूला सारून दिल्या, हेही सांगायला हवं.

हसला नाही तो आमचा ड्रायव्हर सखाराम तावडे. फूटपाथवर डोकं धरून बसला होता. डिलाईल रोडच्या चाळीतल्या एका खोलीत त्याची बायको, पोरं आणि आई. कमावणारा हा एकटा. आणि त्याचा ट्रेलर सुटायची ही दुसरी वेळ.

मॅनेजर कर्णिक साहेब मोटारीतून उतरले. “तावडे, आणखी एकदा सुटला, तर कायमचं घरी बसायचं.” मग माझ्याकडे वळले. “फोरमन, या ड्रायव्हरांना शिकवा जरा.” जसं काही तोवर मी त्यांना भजनं शिकवत होतो!

माझगावच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी वर्कशॉपचा फोरमन. गोदीतला माल परळ-लालबागच्या गिरण्यांत पोचवायचा, हे कंपनीचं काम. आमचा ट्रेलर म्हणजे पुढची चाकंच नसलेली लांबलचक गाडी. उभी असताना ती पुढच्या दोन लोखंडी पायांवर टेकते. लॉरीच्या पाठीवर जाड लोखंडी तवा असतो, तव्यात जबडा. ट्रेलरच्या पोटाखाली खुंट. लॉरी मागे घेतली की खुंट जबड्यात शिरतो, ‘खट्’ वाजतं. लोकांना वाटतं, झालं काम. पण ट्रेलरचं नाक जरा उंच राहिलं असेल, तर खुंट नुसत्या टोकावर अडकतो. आवाज मात्र तोच येतो. सपाट रस्त्यावर निभतं. चढ लागला की सुटतं.

म्हणून पाय वर घ्यायच्या आधी ट्रेलरचा ब्रेक लावलेला ठेवायचा आणि लॉरी पहिल्या गिअरमध्ये किंचित पुढे ओढून बघायची. ट्रेलरने लॉरीला धरून ठेवलं, की जोड पक्की. नाही धरलं तर लॉरी निसटते, ट्रेलर आपल्या पायांवर उभा राहतो, कुणाचं काही जात नाही. याला आम्ही झटका म्हणायचो.

कर्णिक साहेब विलायतेचं ट्रेनिंग घेऊन आले होते. त्यांनी इंग्रजीत मोठा तक्ता रंगवून घेतला आणि छडी घेऊन इंग्रजीतच तो समजावला. ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. आमच्या लोकांना मान डोलवायला भाषा लागत नाही. मी मराठीत पुन्हा सांगितलं, प्रत्येकाकडून करून घेतलं. तावडेचा झटका तर बघत राहावा असा. साहेब खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटपाशी उभा राहिलो. लॉरी मागे, ‘खट्’, ट्रेलरचे पाय वर, तव्यापाशी उदबत्ती, चाकापुढे नारळ, चालले! झटक्याचं नाव नाही. तावडेला थांबवलं, तर “इसारलंय, मास्तरानू.” दुसरा, “विसरलो.” तिसराही, “विसरलो.” अरे, विसरताय तरी वेगवेगळं विसरा! एकजात सगळे तेवढंच कसं विसरता?

झटका घेत होता एकटा कांबळे. त्याचा ट्रेलर कधी सुटलाही नव्हता, आणि हे तो दिवसातून एकदा तरी सगळ्यांना ऐकवायचा. मी त्याला गाठलं.

“ते विसरत नाहीत, मास्तर. घाबरतात,” तो म्हणाला. “निघताना गाडी अडली की अपशकुन. आम्ही दीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं सोडून दिलं. आता मला अपशकुन होत नाही. यांना रोज होतो.”

माझं डोकंच फिरलं. तावडेला धरला. “नोकरी जायची वेळ आली रे, आणि तू शकुन बघतोस?”

“मास्तरानू, घराभायर पडताना कोणी मागसून हाक मारली, तर आपण परत येवन बसतो की नाय? आणि तुमी सांगतास, गाडीकच मागसून खेचा!”

माझ्या एक लक्षात आलं. याच्याशी वाद घालून मी म्हातारा होईन, ट्रेलर सुटतच राहतील. म्हटलं, “तावड्या, तू निघालास असं केव्हा धरायचं?”

“नारळ फुटल्यावर.”

“मग त्याच्या आधी झटका घे. बैल जुंपताना मान हलवतो, तो काय अपशकुन असतो?”

“नाय,” तावडे म्हणाला. “ता चलात.”

त्या दिवसापासून उदबत्त्या आणि नारळ माझ्या ताब्यात. झटका दाखवा, नारळ घ्या. ट्रेलर सुटायचे थांबले. साहेबांना कळलं तेव्हा ते भडकले. “ही कंपनी आहे, देऊळ नाही! अंधश्रद्धा बंद करा.” मी मान डोलावली. तीही मराठीतच.

मग नवी लॉरी आणि नवा ट्रेलर आला. डायरेक्टर लोक बघायला येणार. साहेबांनी गिरगावातल्या आपल्या ज्योतिषाकडून मुहूर्त काढून आणला! कांबळेला बोलावलं, तर तो म्हणाला, “गाडी चालवायची असेल तर येतो. मुहूर्ताला दुसरा बघा.” म्हणून गाडीवर तावडे.

ट्रेलर उठून दिसावा म्हणून साहेबांनी त्याच्या पायांखाली फळ्या घातल्या होत्या. मी म्हटलं, “साहेब, नाक उंच झालंय.” साहेब म्हणाले, “फोरमन, आजच्या दिवस तोंड बंद.” मी तावडेकडे नुसतं पाहिलं.

लॉरी मागे आली. ‘खट्.’ डायरेक्टरांनी टाळ्या वाजवल्या. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात घड्याळ घेऊन साहेब ओरडले, “पाय वर घ्या! चल, तावडे, मुहूर्त टळतोय!”

“साहेब, झटका घेतल्याबिगर नारळ फुटत नाय.”

“झटका नको! शुभकार्यात खोडा घालू नकोस. हललास तर सरळ गेटबाहेर जायचं, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

तावडेने ट्रेलरचे पाय तसेच खाली ठेवले, गिअर टाकला आणि झटका दिला. लॉरी तव्यासकट सुळकन पुढे निघून आली. ट्रेलर जागच्या जागी, आपल्या पायांवर. ते पाय वर घेतले असते, तर त्याचं नाक जिथे आदळलं असतं, तिथून हातभरावर डायरेक्टरांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एका म्हाताऱ्या डायरेक्टराने खुर्ची हळूच मागे सरकवली आणि विचारलं, “कर्णिक, विलायतेत फळ्या घालतात का?”

साहेबांचा मुहूर्त टळला, तावडेची नोकरी टिकली. दुसऱ्या दिवशी फलकावर इंग्रजीत हुकूम लागला: झटका सक्तीचा, मॅनेजरांच्या आज्ञेवरून. ड्रायव्हरांनी मला त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, “काही नाही रे, तुमचंच चाललंय ते चालू द्या.”

तेव्हापासून कुणाला काही शिकवायचं असलं, की तक्ता लावायच्या आधी मी विचारतो, “बाबा, तुला भीती कशाची वाटते?” ड्रायव्हर सांगतो, मग वाट काढता येते. साहेब लोक कधी सांगत नाहीत. त्यांच्या वाटेतून लोकांच्या खुर्च्या तेवढ्या आधीच हलवून ठेवायच्या.