अक्काचं हिरवं बटण

माझा नवरा म्हणतो, घरात बिघडलेली वस्तू दिसली की मी आधी तिच्याशी भांडते आणि मग तिला दुरुस्त करते. यात खोटं काही नाही. धुळ्याच्या देवपुरातल्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. पोरांनी जाळलेले मीटर जिवंत करण्यात निम्मी नोकरी गेली, त्यामुळे हातात पेचकस नसला की मला चुकल्यासारखं होतं. वस्तू माझं ऐकतात असा माझा समज होता आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवायची. मग एका लाकडी पेटीने माझी चांगलीच जिरवली.

पेटी केली ती अक्कासाठी. अक्का म्हणजे आमची आई. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, म्हणून आम्ही दोघं भावंडंही तेच म्हणायला लागलो. वडील लवकर गेले. त्यानंतर शेत तिनेच केलं, विहिरीवरची मोटरसुद्धा तिच्याच हातात होती. पुढे काचबिंदूने तिचे डोळे हळूहळू नेले. आता तिला उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं. भाऊ जळगावला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, नवराबायको दोघं नोकरीला. आमचं घर बैठं, अंगणात दोन पावलं टाकता येतात. म्हणून पोळा झाल्यावर तिला मी धुळ्याला घेऊन आले.

आणली खरी, पण ती राहिली पाहुणी होऊन. लेकीचं घर, त्यात जावई समोर! माझा नवरा शाळेत इतिहास शिकवतो, स्वभावाने लोण्याचा गोळा. पण त्याची चाहूल लागली की अक्का पदर सारखा करून भिंतीला चिकटायची. तहान लागली तरी मी घरी येईपर्यंत थांबायची. एकदा तो तिच्या शेजारच्या खुर्चीत तासभर पेपर वाचत बसला होता आणि तिची चप्पल त्याच्या खुर्चीखाली गेली होती. ती तासभर अनवाणी बसून राहिली, पण "चप्पल द्या" म्हणाली नाही. मी दोघांवरही ओरडले. तो बिचारा म्हणाला, "अगं, मला सांगायचं ना!" तेच तर होत नव्हतं.

संक्रांत झाली तेव्हा तिने मला शांतपणे सांगितलं, "आखाजी व्हयनी का मी गावले जासू."

"एकटी? आणि चुलीपाशी कोण बसणार?"

"मी बससू. तठे माले कोनले काही सांगनं नही पडस."

मला रडू आलं आणि रागही आला. गावातलं घर पोळ्यापासून बंद होतं. न दिसणारी बाई तिथे एकटी राहणार म्हणजे काय, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण ती बोलली की बोलली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन महिने उरले होते. तेवढ्यात या घरात तिच्या हाताला स्वतःचं असं काहीतरी द्यायचं, एवढंच मला सुचलं.

स्वतःचं म्हटलं तर तिला एकच शौक, गाणी. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि झोक्यावर गाणी म्हणतात. अक्का त्या गाण्यांची म्होरकी. भावाने शाळेत असताना गावातल्या बायांची ती गाणी कॅसेटवर भरून ठेवली होती. आता त्याने जळगावच्या एका दुकानातून ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली, आणि सोबत तोंडी हुकूम ऐकणारा एक गोल स्पीकरही आणला. अक्काने त्याला एकदाच आपल्या बोलीत सांगून पाहिलं. तो शुद्ध मराठीत म्हणाला, मला समजलं नाही. "मंग ऱ्हाऊ दे," म्हणून ती उठली ती परत त्याच्याशी बोललीच नाही. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर तिच्या बोटाला काही सापडण्याचा प्रश्नच नव्हता.

माझ्याकडे पत्त्यांच्या कॅटएवढा एक छोटा संगणक पडून होता. त्याला स्पीकर जोडला की तो घरभर गाणी वाजवायचा, फक्त हुकूम मोबाइलवरून द्यावा लागे. त्याच्या पाटीच्या कडेला पिनांच्या दोन रांगा असतात. बटणाची एक तार ठरलेल्या पिनेला जोडायची, दुसरी ग्राउंडच्या पिनेला, आणि बटण दाबल्यावर काय करायचं ते संगणकाला लिहून द्यायचं. कॉलेजातली पोरं हे प्रोजेक्ट म्हणून करतात. मग मला का जमू नये?

बटणं घ्यायला इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले तेव्हा काउंटरवर मोटरच्या स्टार्टरची बटणं दिसली. हिरवं बटण चालू करायला, लाल बंद करायला. चांगली जाडजूड, दाबली की खट्ट करणारी. ही तर अक्काच्या हाताची ओळखीची! मी आनंदाने दोन्ही घेतली. जुन्या स्विचबोर्डाची लाकडी पेटी घेतली, तिला भोकं पाडली, संगणक आत बसवला आणि सोल्डरच्या धुराने स्वयंपाकघर भरून टाकलं. नवरा दारातून म्हणाला, "आज भाजीत तेल घातलंय की कथील?"

पहिल्या दिवशी एकदा दाबलं की गाणं सुरू व्हायचं आणि लगेच थांबायचं. बटणातला पत्रा दाबताना थरथरतो आणि संगणक एका दाबाचे दोन दाब मोजतो. तो दोष काढला. मग एक शहाणपणाही केला. अशा संगणकाची वीज एकदम तोडली तर त्याचं कार्ड खराब होतं, त्याला आधी रीतसर बंद करावं लागतं. त्यासाठी वेगळं बटण कशाला लावा? हिरवंच पाच सेकंद दाबून धरलं की संगणक बंद, असं लिहून टाकलं. पाच सेकंद बटण धरून उभं राहायला कोणाला वेळ आहे, अशी माझी अक्कल.

रविवारी अक्काला पेटीसमोर उभं केलं, तिचं बोट धरून हिरव्यावर ठेवलं आणि दाबलं. तिचाच वीस वर्षांपूर्वीचा आवाज खोलीभर झाला. तिने तोंडावर पदर घेतला आणि हसली. "मोटरनं बटन शे," मी तिच्याच बोलीत म्हणाले. लाल दाबून दाखवलं. तिने मान हलवली. मी कॉलेजात दोन दिवस पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

तिसऱ्या दिवशी घरी आले तर पेटी मेलेली. भिंतीवरचं बटण बंद करून चालू केलं, तर गाणं व्यवस्थित. चौथ्या दिवशी पुन्हा मेलेली. अक्काला विचारलं तर ती म्हणाली, "काय माहीत." मी लाइट जाण्याला शिव्या दिल्या, नवीन चार्जर आणला, सगळे टाके उकलून पुन्हा घातले. माझ्या हाताखाली पेटी दहा वेळा वाजायची आणि मी बाहेर गेले की मरायची. आठवड्याभरात अक्काने पेटीचं नावच काढणं सोडलं. "दाबून बघ ना" म्हटलं की म्हणायची, "तूच दाब." एका सकाळी गावच्या घराची किल्ली कुठे ठेवली आहे, तेही तिने विचारून घेतलं. त्या दिवशी मला पेटी उचलून पांझरा नदीत फेकावीशी वाटली.

मग एकदा प्रात्यक्षिक परीक्षा लवकर आटोपली आणि मी दुपारी अडीचलाच घरी आले. नवरा शाळेत होता. माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं, तर अक्का पेटीसमोर उभी. पदर कमरेला खोचलेला. तसा खोचलेला मी तो विहिरीवर पाहिला होता, आमच्या घरात कधीच नाही. कूलरच्या आवाजात तिला माझी चाहूल लागली नाही. तिने पेटी चाचपली, हिरवं बटण शोधलं, अंगठा ठेवला आणि दाबला. गाणं सुरू झालं. तिने अंगठा काढला नाही. मान जरा कलती करून ती कान देत होती आणि मी मनात मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. गाणं तटकन तुटलं आणि पेटीचा दिवा गेला. तिने हात मागे घेतला आणि अपराधी चेहऱ्याने पेटीवरून एकदा फिरवला.

मी दारातच मोठ्याने हसायला लागले. ती केवढी दचकली!

"कोन शे?"

"मी शे, अक्का. इतका वेळ का धरून ठेवलंस?"

"मंग?" ती चिडली. "मोटर पानी धरस नही तोवर बटन सोडतस का? तूच सांगं व्हतं ना, मोटरनं बटन शे!"

खरं होतं. आमच्या विहिरीवर व्होल्टेज नेहमी कमी. हिरवं बटण दाबून धरायचं, मोटरच्या आवाजाकडे कान द्यायचा, तिने वेग घेतला की मगच सोडायचं. लवकर सोडलं तर मोटर नुसती घुं करून बसायची. मी स्वतः फ्रॉकवर असताना पाइपाच्या तोंडाशी उभी राहून "आलं, आलं" ओरडायची. आणि तिच्या हातात स्टार्टरचं बटण देऊन मी आशा करत होते की ती ते दारावरच्या बेलसारखं वाजवेल!

"सांगितलं का नाहीस मला?"

"माले वाटनं, मना हातथून बिघडनं," ती हळू आवाजात म्हणाली. "तू इतली मेहनत करी..." मी तिला घट्ट धरलं. घामाने दोघी ओल्या होतो.

चहाही न घेता मी कामाला बसले. तिची सवय बदलायची नव्हतीच, पेटीला तिची सवय लावायची होती. संगणक बंद करण्याचं काम एका बारीक बटणाकडे दिलं आणि ते पेटीच्या पाठीमागे लावलं. हिरव्याला नवीन हुकूम लिहिला. दाबलं की गाणं हलक्या आवाजात सुरू व्हावं आणि धरून ठेवलं की आवाज थोडा थोडा वाढत जावा. सोडलं की तिथेच थांबावा.

तासाभराने तिला हाक मारली. तिने अंगठा ठेवला. आधी लांबून आल्यासारखी गाणारी एक बाई ऐकू आली, मग दुसरी, मग झोक्याच्या दोराची करकर, मग सगळा घोळका. आवाज चढत गेला तसा अक्काचा चेहरा उजळत गेला. तिला हवा तेवढा आवाज झाल्यावर तिने अंगठा उचलला.

"आते पानी उनं!" विहिरीवर पाणी आल्यावर म्हणायची तसंच ती म्हणाली.

त्यानंतर पेटीला विसावा नव्हता. सकाळच्या सडा-रांगोळीपासून गाणी सुरू. कॅसेटवर एखादी बाई चुकीचं कडवं म्हणाली की अक्का लाल बटण दाबायची, "नही वं, अशी नही," म्हणून स्वतः बरोबर म्हणायची आणि पुन्हा हिरवं दाबायची. नवरा घरात असतानाही दाबायला लागली. तो शाळेच्या वह्या तपासता तपासता ताल धरायचा. पण त्याच्याशी बोलणं काही तिने सुरू केलं नाही आणि गावाला जाण्याचं रद्द केल्याचंही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती.

आखाजीला खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, रस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे भाऊ जळगावहून गाडी घेऊन तिला गावी सोडायला आला. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. जेवणं झाली. समोरच्या खोलीत आम्ही चौघं बसलो, पंखा पाचावर गरगरत होता. शेवटी भावाने गाडीची किल्ली हातात घेतली. "निघू या ना, अक्का? ऊन चढतंय."

अक्का उठली. भिंतीला हात लावत पेटीपाशी गेली, हिरवं बटण शोधलं आणि धरून ठेवलं. गाणं चढायला लागलं. तिने मान कलती केली, कपाळाला आठी घातली आणि तोंड फिरवलं ते थेट माझा नवरा बसला होता त्या बाजूला.

"जवाईबापू, तो पंखा बंद करा. माले गानं ऐकू नही येस."

आठ महिन्यांत तिने त्याला सांगितलेलं ते पहिलं काम. तो असा तडक उठला की मांडीवरची पानाची तबकडी खाली पडली. पंखा थांबला. धुळ्याच्या त्या उन्हाळ्यात आमच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या आणि कोणी हललं नाही.

"तू बी बस रे," अक्का भावाला म्हणाली. "कसानी घाई शे तुले?"

मी त्याच्या हातातली गाडीची किल्ली काढून घेतली आणि फ्रिजवर ठेवून दिली.