हिरामावशीचा जिना

आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचली की हिरामावशी मासळीचं नाव काढत नसे. आधी पाटी खाली ठेवायची, दोन्ही हात कठड्यावर टेकून किंचित पुढे वाकायची आणि ओठांचा चंबू करून, गरम चहा निववावा तसा लांब श्वास सोडायची. असं पाच-सहा वेळा. मग सरळ होऊन म्हणायची, "बाय, बोंबील हायत. ताजे." समोरच्या भाभी हसून विचारत, "मौसी, थक गई क्या?" मावशीचं उत्तर ठरलेलं होतं : "थकली नाय, फुंकते. तुमी पन फुंका, मालकावरचा राग उतरेल."

ती समुद्रकाठच्या दांडी गावची. बोईसरच्या आमच्या कॉलनीत कित्येक वर्षं मासळी विकायला येत होती. मी शाळेत मराठी शिकवते आणि एरवी पुस्तकांत असते. आमचं बोलणं भावापुरतंच. तिच्या फुंकण्याला मी नखरा समजत होते.

मग एका पावसाळ्यात मला न्यूमोनिया झाला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसं हळूहळू बरी होतायत. काही आठवडे दम लागेल, पण रोज थोडं थोडं चालायला लागा." मी त्यातलं 'दम लागेल' एवढंच ऐकलं. स्वयंपाकघरापर्यंत गेले तरी धाप लागे, म्हणून जायचंच सोडलं. बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून दिवसभर पडून असे. एकदा पाठ्यपुस्तकातला परिच्छेद मोठ्याने वाचून पाहिला. चौथ्या ओळीला आवाज संपला. वाचता येत नसेल तर मी वर्गात जाऊन करायचं काय, हा विचार त्या दिवसापासून डोक्यातून हलेना.

मावशीने दारातूनच मला पाहिलं आणि आत येऊन बसली. "मला पन झालता," ती म्हणाली. "पालघरच्या दवाखान्यात व्यायामवाली पोरगी होती. तिनं मला पाटी उचलायला लावली आनि हसली. आमच्या बायका पाटी डोक्यावर घेताना दात आवळून दम कोंडतात. मी पन तेच करायची आनि डोळ्यापुढं अंधारी. ती बोलली, आजी, जोर लावशील तवा श्वास सोड. साठ वर्षं उलटंच केलं बघा."

त्या दिवसापासून ती रोज दहा मिनिटं माझ्यासाठी थांबू लागली. नाकाने हळू घ्यायचा, ओठांतून त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा. खुर्चीतून उठताना सोडायचा. जिना चढताना पायरीवर पाय देताना सोडायचा. दम लागला तर घाबरून आडवं न होता पुढे वाकून, कोपर मांडीवर टेकून बसायचं. यंत्राकडे बघून ती म्हणे, "डाक्टरनं सांगितलं तवा बघा. येताजाता त्याला काय विचारता? त्याला पन कंटाळा येल." मी पहिल्यांदा जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत उतरून परत आले, तेव्हा तिने भाभींना हाक मारून साक्षीला उभं केलं.

एके सकाळी मी खुर्चीत बसले असताना श्वासागणिक उजव्या बरगडीत टोचू लागलं. मी निमूटपणे फुंकत बसले. मावशी आली, तिने पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला एकेरीत म्हणाली, "ऊठ."

"बरगडीत टोचतंय जरा. थांबेल मावशी, फुंकतेय."

"चालताना लागतो तो आपला दम. बसल्या जागी छातीत टोचतं, ते फुंकून जायचं नाय. ते डाक्टरचं काम."

रिक्षात तिने पाटी दोन पायांत धरली. रिक्षावाला कुरकुरला, "मौसी, गाड़ी में बदबू हो जाएगी।" ती म्हणाली, "गाडी धुता येते. मानूस धुऊन परत येत नाय. चल."

डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला, रक्त पाहिलं. खोकून खोकून बरगडीचा स्नायू दुखावला होता, एवढंच. "पण आलात ते बरं केलंत," ते म्हणाले. मी हलक्या मनाने बाहेर आले, तर मावशीने फाटकाशी अर्धी पाटी विकली होती.

दिवाळीनंतर मी शाळेत रुजू झाले. आठवीच्या वर्गात धडा वाचायला घेतला. प्रत्येक वाक्यापाशी थांबून श्वास सोडत, घाई न करता वाचत गेले. तास संपला तेव्हा धड्याचं शेवटचं वाक्य वाचून झालं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही पहिल्यांदाच एवढं हळू वाचलंत. आज वहीत सगळं उतरवून झालं." मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आधी काय आग लागलेली का?"

तीन महिन्यांपूर्वी ती यायची थांबली. चार दिवस वाट पाहून मी दांडीला गेले. दारात तिचा मुलगा होता, डोकं भादरलेलं. मी काय झालं ते विचारलं नाही. सगळी वाट मनात एकच भीती होती. तेवढंच विचारलं, "शेवटी श्वासाचा त्रास झाला का रे?"

"नाय बाई. दुपारी जेवली, पडवीत आडवी झाली. चहाला उठवायला गेलो तर झोपेतच गेलेली. त्वांड शांत होतं."

मी पडवीच्या पायरीवर बसले. छातीत कोंडून धरलेला श्वास हळूहळू सुटला, आणि त्यानंतर मला रडता आलं.