आवणीची हाक

केमो संपली तेव्हा डॉक्टरांनी मला बजावलं, "दिवसा झोपू नका. चाला, जमेल तेवढं काम करा, म्हणजे रात्री झोप लागेल." कॅन्सर झालेल्या बाईनं काम करायचं, हे आंदर मावळातल्या आमच्या गावाला कोण पटवणार? सुनेनं हातातला झाडू काढून घेतला. रस्त्यावर दिसले की जो तो मला माघारी धाडायचा. "मावशी, पडून ऱ्हावा की." पडून पडून दुपारी डोळा लागायचा आणि रात्रभर मी आढ्याकडे बघत राहायचे. चीड यायची, पण माया करणाऱ्यांशी भांडायचं तरी कसं?

आमच्याकडे भाताची आवणी सगळे मिळून करतात, आज एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. सकाळी निघालेल्या बाया दारोदार हाक मारत जातात. लग्न होऊन आल्यापासून त्या हाकेला मी ओ देत आले. यंदाही जायचं ठरवलं. चार मुठी रोप लावू, नाहीतर बांधावरून चालू तरी.

सून रोप काढायला पहाटेच पुढं गेली. मी साडी खोचून दाराआड बसले. शेजारच्या दारात हाक झाली, "चला वो!" मग पावलं आमच्या अंगणात आली आणि बायांचं बोलणं एकदम थांबलं.

"मावशी निजल्यात," कुणीतरी हळूच म्हणालं. "आवाज करू नगा."

पावलं जपून पुढं गेली. ओ द्यायला मी तोंड उघडलं होतं, पण हाकच आली नाही.