गच्चीवरची बकुळ

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो, साखरपुडा असो, पंगत उठली की कुणीतरी म्हणतंच, बकुळीची गोष्ट सांग. मी सांगतो. हातवारे करून, दरवेळी थोडी वाढवून. पण त्यातला एक भाग आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेला नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर मी चोरून खाल्लेले वडेसुद्धा कबूल करतो. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही आमच्या पंगतीला नसता, म्हणून असेल. दमलोय, म्हणूनही असेल.

मी बागा आखतो. कुठलं झाड कुठे, पायवाट कशी वळणार, बाकाचं तोंड कुठल्या दिशेला — असली कामं. पुण्याच्या मध्यवस्तीत एका वाहनतळाच्या गच्चीवर सार्वजनिक बाग करायची ठरली, आणि ती माझ्याकडे आली. खाली गाड्या, वर हिरवळ. हिंजवडीजवळच्या माण गावचा पोरगा शहराच्या डोक्यावर बाग लावणार, असं मीच चारचौघांत म्हणत फिरायचो. दुसरं कुणी म्हणेना, काय करणार?

त्याच सुमारास आमची माणची जमीन बिल्डरला द्यायची होती. आईवडील गेलेले. वारस दोघंच — मी, आणि कासारसाईला दिलेली माझी थोरली बहीण, आक्का. आमच्याकडे बहिणीने हक्कसोड करून द्यायची, म्हणजे आपला हिस्सा भावाच्या नावे सोडायचा, आणि भावाने साडीचोळी करून तिला माहेर राखायचं, अशी रीत. आक्काने काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "मला काय बी नको. पर आयची बकुळ तोडू देऊ नको."

बांधावरची ती बकुळ आईने लावलेली होती. मी म्हणालो, आक्का, तोडायची कशाला? मी ती मुळासकट माझ्या बागेत नेतो. शहराच्या मधोमध राहील, सगळ्यांची होईल, तिला कुणी हात लावणार नाही.

आक्काने सही केली. वर माझ्या तोंडावरून हात फिरवला.

इथवरची गोष्ट खरी आहे. पुढे पंगतीत मी क्रेन आणतो, ट्रक आणतो, हिंजवडीच्या चौकात विजेच्या तारा बांबूने वर उचलतो. पोरं टाळ्या पिटतात. त्यातलं काही म्हणजे काही झालेलं नाही. बकुळ जेसीबीने आडवी केली. मी तिथे नव्हतो — नाही, हेही खोटंच. मी होतो. गाडीत बसलो होतो, काचा वर करून.

गच्चीवर लावली ती नर्सरीतून आणलेली बकुळ. हलवलेल्या झाडाच्या फांद्या छाटतात, खोडाला गोणपाट गुंडाळतात. त्या अवतारात सगळी झाडं सारखीच दिसतात, जावळ काढलेल्या पोरांसारखी. आक्का बघायला आली. "वाळली का रं?" म्हणाली. मी म्हणालो, प्रवासाने अंग उतरलंय. तिने मान हलवली. लग्न होऊन सासरी गेलेल्या बाईला हे पटायला कितीसा वेळ लागणार?

मग गोणपाट काढलं, आणि तिने खोड चाचपायला सुरुवात केली. लहानपणी ती त्या बकुळीला म्हैस बांधायची. दाव्याच्या दोरीने खोडाला खोल वळ पडला होता. मी तो विसरलो होतो. तिच्या हाताला तो लागेना. "चष्मा न्हाई आणला," म्हणाली, "पुढल्या टायमाला बघते."

पुढल्या वेळेआधी मी काय केलं असेल? कानस घेऊन गेलो आणि त्या कोवळ्या खोडाला वळ पाडला. वरून सुंभाची दोरी घासली. दुपारची वेळ, बाकांवर जोडपी बसलेली. मी या बागेचा आखणारा, म्हणून कुणी हटकलंसुद्धा नाही.

पण एवढंच असतं, तर मी कदाचित गप्पच राहिलो असतो. जे सांगायचं ते अजून राहिलंय — मी टाळतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

गच्चीच्या स्लॅबला भार किती झेपतो, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. नकाशा माझाच. माती गुडघाभर, झाडं फक्त कॉलमच्या डोक्यावर, तीही लहान. एवढी जुनी बकुळ मुळांच्या गड्ड्यासकट तिथे चढणं शक्यच नव्हतं. आक्काला शब्द दिला, तेव्हा मला हे ठाऊक होतं. ती सही करत होती, तेव्हाही. मनात असतं, तर ती बकुळ कासारसाईला तिच्या दारात नेता आली असती. तिथे माती हवी तेवढी आहे. तसं करायचं तर सहीला उशीर झाला असता. म्हणून मी ते सुचवलंच नाही.

आक्का अजून येते. आमच्या नव्या फ्लॅटवर येत नाही, जिने चढवत नाहीत म्हणते. गच्चीवर मात्र येते. तिथे लिफ्ट आहे, आणि तिथे तिचं माहेर आहे.

मागच्या खेपेला चष्मा लावून तिने वळ पाहिला. कडा अजून कच्च्याच होत्या. "इतकी वर्सं झाली, अजून भरली न्हाई बघ जखम," म्हणाली. मी म्हणालो, झाड हलवलं की जुन्या जखमा उघडतात. हेही मला लगेच सुचलं.

परवा ती घरून डबीत हळद कालवून घेऊन आली. बोटाने वळात भरत राहिली, सावकाश, लेकराच्या गुडघ्याला लावावी तशी. मग डबी माझ्यापुढे धरली.

"तू बी लाव की. तुझी बी आय हुती."

मी लावली.