माझं नाव मीच सांगेन

"यांना अफेजिया झाला आहे," डॉक्टर म्हणाले, तेही माझ्याकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे बघून. मी समोरच खाटेवर बसले होते. ऐकू येत होतं, समजतही होतं. वाचा गेली होती, अक्कल नव्हे.

अफेजिया म्हणजे मेंदूतला भाषेचा भाग दुखावणं. काय म्हणायचं ते ठाऊक असतं, पण शब्द येत नाही, नाहीतर भलताच येतो. मला चहा हवा होता आणि मी "खिडकी" म्हणाले. नर्सने बिचारीने खिडकी उघडली.

आदल्या दिवशीपर्यंत मी हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. त्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढताना उजवा हात लुळा पडला. ड्रायव्हरने काय झालं विचारलं, तर तोंडातून नुसता आवाज निघाला. एमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूच्या तपासणीत, डाव्या बाजूला स्ट्रोक दिसला. रक्ताची गाठ अडकली होती.

सहाव्या दिवशी प्रज्ञाचे बाबा, म्हणजे आमचे मिस्टर, खाटेशेजारी बसून बुद्धवंदना म्हणू लागले. आमच्या घरी ती रोज सकाळी होते. त्यांच्यासोबत मीही म्हणू लागले. त्रिशरण, पंचशील, एक अक्षर चुकलं नाही. ते रडत रडत वॉर्डभर सांगून आले.

मग कोणीतरी मला माझं नाव विचारलं. ते काही केल्या आलं नाही.

नणंद तिथेच होती. म्हणाली, "वंदना बरोबर म्हणता येते, अन् नाव सांगाले होत नाही? काहून सोंग करून राहिली वं वहिनी?"

तो घाव स्ट्रोकपेक्षा मोठा होता. सोंग नव्हतं ते. पाठ असलेलं आणि सुरातलं मेंदू वेगळ्या वाटेने आणतो, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. स्पीच थेरपी, म्हणजे बोलण्याचा व्यायाम, त्याच वाटेने सुरू झाली. "पाणी दे" एवढंच मी आठ दिवस गात होते.

पण खरं आजारपण घरी आल्यावर कळलं. मी "मला..." म्हणून अडकले की प्रज्ञाचे बाबा सुरू होत. "पाणी पाह्यजे का? चष्मा? गोळी देऊ का वं?" मी मान हलवायची, काम व्हायचं. हळूहळू मी वाक्य पुरं करणंच सोडलं. माणूस जीव लावणारा, पण त्याच्या मायेने माझं उरलंसुरलं बोलणं बंद होत होतं.

डॉक्टरांनी माझी परवानगी घेऊन केस स्टडी लिहिली. तिच्यात मी "रुग्ण, स्त्री, वय एक्कावन्न" एवढीच होते. त्यांची भाची गाण्यांना चाली लावते. तिने त्यावर चेंबर ऑपेरा बांधला. म्हणजे लहान हॉलमधली, मोजक्या वाद्यांची, सगळी गोष्ट गाऊन सांगणारी संगीतिका. दोन गायक, हार्मोनियम, व्हायोलिन, तबला.

तालमीला आम्हाला बोलावलं. गायिका वाक्यात अडकली की नवरा झालेला गायक तिची ओळ उचलायचा आणि दोन आवाज एकमेकांत मिसळायचे. सगळ्यांचे डोळे ओले झाले. प्रज्ञाच्या बाबांचे तर वाहायला लागले.

मला संताप आला.

"हे... नको," मी म्हणाले.

"काकू, हाच तर सगळ्यात सुंदर भाग आहे," भाची म्हणाली.

"त्याला... गप्प... कर."

"म्हणजे तिले म्हणायचं आहे का..." प्रज्ञाच्या बाबांनी सुरुवात केली.

मी डावा हात खुर्चीवर आपटला. "तुम्ही पण."

भाचीने विचारलं, गायिकेला किती वेळ थांबवायचं? शब्द येईपर्यंत, मी सांगितलं. लोक उठून जातील, ती म्हणाली. जाऊ देत. आणि शेवटची ओळ मी स्वतः म्हणणार, हेही सांगून टाकलं. एवढं बोलायला मला पाऊण तास लागला. ती बसून राहिली, यासाठी मी तिची कायमची ऋणी आहे.

प्रयोग रविवारी दुपारी होता. वाद्यं थांबली. मी उभी राहिले.

"माझं नाव..."

आलं नाही. सूर धरून पाहिला, तरी आलं नाही. कोणीतरी खोकलं. पहिल्या रांगेत प्रज्ञाच्या बाबांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. सवय हो, दुसरं काय. त्यांनी सांगून टाकलं असतं तर मी जन्मभर "रुग्ण, स्त्री" राहिले असते.

शेजारी बसलेल्या नणंदेने त्यांचा दंड घट्ट धरला. "थांब ना गा दादा. येऊन राहिलं तिले."

अख्खा हॉल थांबला.

तुमच्या घरात असं कोणी अडखळत असेल, तर त्याच्या तोंडात शब्द कोंबू नका. घड्याळ बघू नका. हे लिहायला मला चार महिने लागले. मुलीने, प्रज्ञाने, टाइप केलं, पण तिला एकही शब्द सुचवू दिला नाही. आजही फोनवर बोलता येत नाही, भाजीवाल्याकडे वांगी म्हणताना दोडके निघतात. बरी झाले असं मी म्हणणार नाही. बोलणार मात्र मीच.

त्या दुपारी किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही. पण कोणी उठून गेलं नाही, आणि शब्द आला.

सुजाता. माझं नाव सुजाता.