रुळाजवळ सापडलेलं झाकण

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती एका झाकणामुळे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण हळदीच्या मांडवात चारचौघांसमोर मान खाली घालायची वेळ माझ्यावर एकदाच आली. त्या वेळी मी जालना जिल्ह्यातल्या, रेल्वेमार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नाव कोणाचंच देत नाही. माझी चूक मात्र सांगतो. निवृत्तीनंतर आता लाजायचं कोणाला?

लग्नसराईतली थंडीची सकाळ होती. एका लहान स्टेशनात उभ्या असलेल्या मालगाडीवर मागून दुसरी मालगाडी आदळली. मागच्या इंजिनातला सहायक चालक जागीच गेला. पंचविशीचा पोरगा. उभ्या गाडीचा एक टँकर कलंडला होता आणि त्यातून पाण्यासारखं काहीतरी वाहत होतं. अपघाताचा तपास रेल्वे पोलिसांकडे, आमच्याकडे बंदोबस्त आणि गाव. जालन्याहून अग्निशमन दल आलं. त्यांच्या अधिकाऱ्याने टँकरवरचा फलक वाचून मला बाजूला घेतलं.

"साहेब, हे मिथेनॉल आहे. दिसायला पाणी, वास दारूसारखा. दोन-चार घोट पोटात गेले तर आधी डोळे जातात, मग माणूस."

मी टँकरखाली पाहिलं. तिथल्या चिखलात हंडे टेकवल्याचे गोल ठसे उमटले होते, अगदी पाणवठ्यावर असतात तसे. आम्ही पोहोचण्याआधी गाव येऊन गेलं होतं.

गावाला सवय होती. आदल्या वर्षी हमरस्त्यावर गोड्या तेलाचा टँकर उलटला होता आणि त्या तेलात गावाने संक्रांतीपर्यंत भजी तळली होती. त्यामुळे टँकर उलटला की हातात भांडं घेऊनच निघायचं, हा रिवाज पडलेला. मी सरपंचाला गाठलं. तो म्हणाला, "आमच्या गावचं एक माणूस तिकडं गेल्तं न्हाई साहेब. बिलकुल न्हाई." हे सांगताना त्याच्या धोतराला दारूच्या गुत्त्यासारखा वास येत होता.

मग मी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, की हे विष आहे, आणून द्या, कोणावर गुन्हा दाखल होणार नाही. कोणी हललं नाही. गुन्हा दाखल होणार नाही असं पोलिसाने सांगितलं की माणूस जास्तच घाबरतो. शेवटी आमचे जमादार पुढे झाले. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस, गावोगावची नस माहीत. त्यांनी माईक घेतला आणि एवढंच म्हणाले, "आन् हे म्हशीच्या तोंडाला लागलं तर म्हैसबी जाती, ध्यानात ठिवा."

दहा मिनिटांत रांग लागली. हंडे, कळश्या, दुधाच्या किटल्या. एका आजीने कुकर आणला होता, वर शिट्टीसकट. "म्हन्लं उडून जाईल, म्हून झाकून ठिवलं," म्हणाली. अग्निशमनवाल्यांनी सगळं ताब्यात घेतलं, भांडी पंचनाम्यात नोंदवली. काम संपत आलं असं वाटत असतानाच एका शिपायाला रुळाजवळच्या खडीत स्टीलच्या डब्याचं एक झाकण सापडलं. नवं कोरं. आणलेल्या प्रत्येक भांड्यावर जमादारांनी ते बसवून पाहिलं. एकावरही बसेना.

याचा अर्थ सरळ होता. विषाने भरलेला एक उघडा डबा अजून गावात कोणाच्या तरी घरात होता.

जमादारांनी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला नाव कोरलेलं होतं. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय आहेर पूर्ण होत नाही. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. झाकणावर त्यांचंच नाव होतं, पुढे 'यांजकडून सप्रेम भेट'.

मला हसू आवरेना. तीस वर्षं लोकांचे जबाब घेणाऱ्या माणसाचा जबाब घेण्याचा योग आला होता. मी मुद्दाम ठाण्यातल्यासारखा आवाज चढवला. "जमादार, डबा कोणाला दिला होता? खरं बोला."

त्यांनी झाकण माझ्या हातात दिलं. नजर जमिनीकडे. मी पुन्हा विचारलं.

"सांगू का साहेब?"

"सांगा."

"तुमच्या वास्तुशांतीला दिल्ता. जालन्याच्या घराच्या."

माझं हसू जागच्या जागी थांबलं.

आता वाचकांना खरं सांगतो. त्या क्षणी मला सगळं आठवलं. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी मी बायकोला म्हणालो होतो, "हे डबेबिबे कशाला ठेवतेस? देऊन टाक कुणाला तरी." जमादारांनी तो घ्यायला अंबडच्या बाजारात तीन दुकानं पालथी घातली होती, हे त्यांनी स्वतः मला कौतुकाने सांगितलं होतं. आता त्यांच्यासमोर बायकोला फोन करून 'तो डबा कोणाला दिलास' असं विचारायचं? माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "आमचा डबा घरीच आहे. दुकानदाराने तुमचं नाव घातलेला दुसरा कोणाला तरी विकला असेल. तुम्ही गावाबाहेरच्या तांड्यावर झडती घ्या."

जमादारांनी सलाम ठोकला आणि शिपाई घेऊन तांड्याकडे गेले, जिथे काही मिळण्याची सुतराम शक्यता नव्हती. यात तासभर गेला. गावाला मी सकाळपासून सांगत होतो की लपवू नका, लपवलं तर जीव जाईल. आणि स्वतः झाकण रुमालात गुंडाळून खिशात घालून फिरत होतो.

तेवढ्यात स्टेशनाबाहेरचा चहावाला जवळ आला. तो आमचा जुना खबरी. हातातल्या पातेल्यात चमचा ढवळल्यासारखं करत म्हणाला, "साहेब, गावात आज तीन घरी हळद हाय. त्यातल्या एका नवरदेवाचा मामा सकाळी म्हनत व्हता, यंदा पाव्हन्यायला फुकटात खास माल पाजणार. कोन्त्या घरचा ते बराबर ध्यानात न्हाई."

तीन घरं गावाच्या तीन टोकांना होती. मी जीपच्या मागे जाऊन बायकोला फोन लावला.

"अहो, तो डबा ना? आपल्या कामाच्या मावशींना दिला. त्यांच्या बहिणीच्या मुलाचं लग्न आहे, त्याच्या केळवणाला द्यायला हवा होता त्यांना. त्या आज तिकडेच गेल्यात हळदीला." आणि तिने नेमकं याच गावाचं नाव घेतलं. "का हो? नाव तर कुठे दिसलं नाही मला त्याच्यावर."

नाव आतून होतं. एका फोनचं काम. तो मी तासभर केला नव्हता.

जमादारांना वाटेतून उचललं आणि जीप थेट मावशींच्या बहिणीच्या घरासमोर नेली. पुढच्या अंगणात नवरदेव पिवळाधमक होऊन बसला होता, बायका गाणी म्हणत होत्या. आम्ही मागच्या अंगणात शिरलो. बाजेवर चौघे जण, समोर चिवडा, चिरलेली लिंबं आणि काठोकाठ भरलेले पाच ग्लास. शेजारी तो डबा, वर ताटली झाकलेली.

मी विचारलं, "कोणी प्यायलं का?"

"कुठलं प्यायलं साहेब!" मामा वैतागून म्हणाला. "मंठ्याचे व्याही बसलेत रुसून यष्टी स्टँडावर. घ्यायला कुनी आलं न्हाई म्हून. पयला मान त्यायचा. त्यायच्या आधी आम्ही ग्लासाला हात कसा लावावा? तासभर नुसती वाट पाहून राह्यलो."

म्हणजे जो तास मी घालवला, तो व्याह्यांच्या रुसव्याने भरून काढला होता. तेव्हापासून लग्नात कोणी रुसलं की मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार करतो.

"या ग्लासात काय आहे?" मी विचारलं.

"पानी," मामा म्हणाला. आणि ते पाणीच आहे हे सिद्ध करायला त्याने ग्लास उचलून तोंडाला लावला.

जमादारांनी असा काही फटका मारला की ग्लास कडुलिंबापर्यंत गेला. मामा ओरडला, "अहो, मानपानाचा ग्लास हाय तो!" मग त्याला बसवून सगळं समजावलं. "मी तर पाव्हन्यायसाठी जिवाचं रान केल्तं हो," म्हणाला आणि रडायला लागला.

जमादारांनी हातमोजे घालून ताटली काढली, डब्याच्या काठाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा माझा डबा हाय."

"तुमचा कसा?" मागून मावशी आल्या. "बाईसाहेबांनी दिल्ता मला, आहेरात द्यायला."

माझ्या खिशात झाकण होतं. ते काढून डब्यावर ठेवलं. बरोबर बसलं. मी म्हणालो, "डबा माझ्या घरून आला. मला सकाळीच ठाऊक होतं. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

जमादारांनी हातमोजे काढले. "मंग मला तांड्यावर कशाला पाठवलं साहेब?"

त्या रुसलेल्या व्याह्यांना जीपमधून आणण्याचं काम मी स्वतःकडे घेतलं. पोलिसाची गाडी घ्यायला आली म्हटल्यावर त्यांचा रुसवा एवढा पळाला, की मांडवात मिशीला पीळ देत उतरले.

संध्याकाळी ठाणे दैनंदिनीत मी नोंद केली, की माहिती मिळण्याची शक्यता असूनही प्रभारी अधिकाऱ्याने एक तास विलंब केला. वरिष्ठांनी खुलासा मागवला. तो मी खराखुरा लिहिला, आणि ठपकाही घेतला.

चार दिवसांनी त्या सहायक चालकाचा मोठा भाऊ आला. खडीत पडलेला जेवणाचा डबा आमच्याकडे जमा होता. दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, त्या पोराने न खाल्लेली. झाकणावर त्याच्या बायकोचं नाव होतं, लग्नात घातलेलं. जमादारांनी डबा घासून, पुसून भावाच्या हाती दिला. भावाने नावावरून अंगठा फिरवला, पावतीवर सही केली आणि डबा छातीशी धरून निघून गेला. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. जमादार म्हणाले, "साहेब, नाव असलं की वस्तू घरी जाती."

माणसं गुन्ह्यापेक्षा लाजेपोटी जास्त लपवतात, हे मी त्या प्रकरणात शिकलो. सरपंच लपवत होता, मामा लपवत होता, आणि वर्दीतला मी त्या दोघांपेक्षा जास्त वेळ लपवत होतो. त्यानंतर समोर बसलेला माणूस खोटं बोलतोय असं वाटलं, की आधी त्याच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास ठेवायचो आणि विचारायचो, "लाज कशाची वाटते?" बरेच जण रडत रडत खरं सांगून मोकळे व्हायचे.

माझ्या निरोप समारंभात जमादारांनी पुन्हा स्टीलचा डबा दिला. नाव या वेळी झाकणावर, पोटावर आणि तळाशी, तीन ठिकाणी. त्यात आमची साखर असते. अजूनही ते राजूरच्या गणपतीला निघाले की वाटेत आमच्याकडे थांबतात. चहाला नाही म्हणत नाहीत, पण आधी सरळ स्वयंपाकघरात जातात, फळीवरचा डबा जागेवर आहे का ते पाहतात आणि मगच येऊन खुर्चीवर बसतात.