टाकीवर रंगवलेला ठसा

दुष्काळात गावं पाण्यावरून भांडतात, असं बाहेरच्यांना वाटतं. आमचं गाव यादीवरून भांडायचं.

वडवणीच्या पलीकडचं आमचं गाव. विहिरी आटल्या तरी दूध संस्थेच्या बोअरला पाणी असायचं आणि सभासदांच्या जनावरांसाठी ते पाळीनं मिळायचं. पाळीच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर निघत, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण त्यावरून बनणारी यादी पानंच्या पानं. भिंतीवरचा कागद वाऱ्यानं फाटायचा, अण्णा दुसरा छापून लावायचे आणि आम्ही वरच्या आळीचे म्हणून खालची आळी म्हणायची, हा तो कागदच नाही. अण्णा म्हणजे माझे वडील, संस्थेचे सचिव. एका वर्षी लोकांनी यादीचे फोटो काढून ठेवले, तर कुणाचा फोटो खरा यावरून वेगळीच जुंपली.

त्या उन्हाळ्यात खालच्या आळीनं निक्षून सांगितलं की आता यादी बदलली तर आम्ही दूध खाजगी डेअरीला घालणार. एवढं दूध गेलं की संस्था बंद, आणि संस्था बंद झाली की बोअरला कुलूप. अण्णांनीही भर बैठकीत शब्द देऊन टाकला, यादीत फरक निघाला तर सचिवपद सोडतो. मला त्यांचा असा राग आला! कुणी मागितलं नसताना माणसानं स्वतःची मान पुढं करू नये.

मी तेव्हा बीडहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन आले होते आणि संस्थेच्या दूध संकलन केंद्रातल्या कॉम्प्युटरवर मोकळ्या वेळात पायथन गिरवायचे. त्यात हॅश नावाची एक सोय असते. फाइल आत घातली की आकड्यांचा आणि इंग्रजी अक्षरांचा एका ओळीचा ठसा बाहेर पडतो. फाइल तीच तर ठसा तोच. फाइलमधला एक काना जरी हलला तरी सगळा ठसा बदलतो. पानंच्या पानं यादी भिंतीवर रंगवता येत नाही, ठसा येतो. म्हणून चिठ्ठ्या निघाल्या त्या संध्याकाळी यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाइप करून सगळ्यांना वाचून दाखवली, चार ओळींचा प्रोग्रॅम चालवला आणि जो ठसा आला तो लोकांदेखत बोअरच्या टाकीवर ऑइलपेंटनं रंगवला. शंका आली तर कुणीही यावं, मी फाइलचा ठसा पुन्हा काढून दाखवीन, असं मोठ्या तोऱ्यात जाहीरही केलं.

शंका आली ती खालच्या आळीच्या मुकादमाला. ऊसतोडीच्या टोळ्या नेऊन आणणारा माणूस, त्याला दिलेला शब्द तंतोतंत पाळलेला लागतो. त्याचा नंबर शेवटच्या पानावर होता आणि त्याच्या मते त्याची चिठ्ठी बरीच आधी निघाली होती. दोन्ही आळ्या टाकीपाशी जमल्या. मी दुधाच्या कॅनवर लॅपटॉप ठेवला, केंद्रातली फाइल त्यात घेतली आणि प्रोग्रॅम चालवला. मुकादम टाकीवरचं एकेक अक्षर वाचू लागला.

पहिलंच अक्षर जुळलं नाही. पुढचंही नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अण्णांकडे बघायची माझी हिंमत होईना. मुकादम ओरडला नाही, शांतपणे म्हणाला, "म्या म्हनलतो ना, यादी बदलली हाय."

मी फाइल उघडली. नावं सगळी जागच्या जागी दिसत होती, पण सगळ्यात वर लिहिलेलं होतं, श्री. ते मी लिहिलं नव्हतं. देवाशी माझं वाकडं नाही, नुसता आळस. फाइलला कुणी हात लावला, असं मी विचारलं, तेव्हा अण्णा पुढे आले. भिंतीवर लावायला छापताना त्यांनीच ते घालून फाइल सेव्ह केली होती.

"वर श्री न्हवतं, बाई. बिनश्रीचा कागद कसा लावावा?"

मी म्हटलं, ते पुसून बघते. एक म्हातारा पुटपुटला, असल्या दुष्काळात श्री पुसणार का? अण्णांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "पूस."

पुसलं. ठसा तरीही जुळेना. मग दिसलं, श्री गेलं पण त्याच्याखालची रिकामी ओळ तशीच राहिली होती. आपल्याला ती कोरी दिसते, कॉम्प्युटरला तेही अक्षरच. ती काढून पुन्हा प्रोग्रॅम चालवला आणि मुकादमाला म्हटलं, वाचा.

तो बोट ठेवत वाचत गेला आणि मी पडद्यावर बघून होकार देत गेले. शेवटचं अक्षर जुळल्यावरही त्यानं बोट उचललं नाही. एका श्रीनं सगळा ठसा फिरत असेल तर फिरवलेलं नाव लपलंच नसतं, हे मी दहा वेळा सांगून कुणाला पटलं नव्हतं. अण्णांच्या त्या चुकीनं मात्र ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडवून दाखवलं होतं.

मुकादमाचा नंबर शेवटच्याच पानावर राहिला. बोटाला लागलेली टाकीवरची धूळ धोतराला पुसत तो अण्णांकडे वळला.

"सचिव, पुढल्या बारीला आदी श्री लिवा, मंग ठसा काढा."

पुढल्या बारीला, म्हणजे पुढची बारी होती, दूध संस्थेतच येणार होतं. अण्णांनी मान हलवली आणि वळून बोअरची मोटार चालू केली.